काळ्या मातीच्या चिखलातून जाताना गाडीचे वायरिंग कसे जपावे?

सिमरोलकर (इंदूर) यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी फोर बाय फोर गाडी आहे आणि पावसाळ्यात आम्ही काही मित्र सिमरोल, चोरल, जानापाव या बाजूच्या कच्च्या वाटांवर जातो. नुकताच चोरलच्या अलीकडे एक ओढा ओलांडला. पाणी चाकाच्या मध्यापर्यंतही नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, गाडी घेतल्यावर वेगळे बसवून घेतलेल्या फॉगलॅम्पपैकी डावा मंद झाला आणि हॉर्न घोगरा वाजू लागला. एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली, तर त्यांनी बॉनेट उघडून आतूनही प्रेशरच्या फवाऱ्याने धुऊन दिली आणि त्यानंतर इंजिन अडखळू लागले, ते आत पूर्ण सुकल्यावरच सुरळीत झाले.

आता सर्व कनेक्टरांत सिलिकॉन सीलंट भरावे, वरून इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि फ्यूजबॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, असे मनात आहे. शिवाय स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) बसवल्याने विद्युत भागांना काही संरक्षण मिळते का, याविषयीही जाणकारांनी सांगावे.

तारजोड यांचे उत्तर:

सिमरोलकर, आपण योजलेले तिन्ही उपाय कृपया करू नका. वाहनांच्या वायरिंगचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बिघाडांत उघड्या राहिलेल्या कनेक्टरांपेक्षा बंद करून टाकलेले कनेक्टर अधिक असतात.

कारण असे की, पाणी केवळ वरून ओतले जाऊन आत शिरत नाही, ते बहुतेक वेळा आत ओढले जाते. चालून तापलेला दिवा, सेन्सर किंवा कनेक्टर ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, तेथील दाब कमी होतो आणि रबराच्या सीलमध्ये जी बारीकशी फट असेल तिच्यातून पाणी आत येते. टेप गुंडाळलेली असली तरीही ते येतेच, मात्र नंतर त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तांब्यावर हिरवा थर चढू लागतो. फ्यूजबॉक्सच्या पिशवीतही हाच प्रकार होतो, कारण तापणे आणि निवणे यामुळे तिच्या आतल्या बाजूला दव धरते. म्हणून ओढ्यात उतरण्यापूर्वी थोडे थांबावे, दिवे आधीच बंद करावेत आणि गाडी जराशी निवू द्यावी. याला एक पैसाही लागत नाही.

सीलंटविषयी आणखी एक गोष्ट. बाजारातील जे स्वस्त सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि त्या आम्लाने तांबे खाल्ले जाते. एखादी कायमची फट बुजवायचीच असेल, तर न्यूट्रल क्युअर असे लिहिलेली ट्यूब मागावी. कनेक्टरसाठी मात्र डायइलेक्ट्रिक ग्रीस घ्यावे. आधी कनेक्टर उघडून काँटॅक्ट क्लीनरने धुवावा, पूर्ण वाळू द्यावा, मग रबराच्या सीलवर आणि मागे जिथे तार आत शिरते तिथे ग्रीसचा पातळ हात फिरवावा. हे ग्रीस वीजवाहक नसते, त्यामुळे धातूच्या पिनांवर त्याचा गोळा थापू नये. उद्देश सील मऊ आणि घट्ट ठेवण्याचा आहे.

आपल्या फॉगलॅम्पचा दोष बहुधा दिव्यात नसून जोडात असावा. तारा पिळून त्यावर टेप गुंडाळलेली असेल, तर पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून आवरणाच्या आतल्या आत वर चढते आणि जोडापासून हातभर दूरची तारसुद्धा काळी पडलेली सापडते. काळ्या पडलेल्या भागाच्या पुढे जिथे तांबे लखलखीत दिसेल, तिथपर्यंत तार कापा, नवा तुकडा क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) जोडा आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी चढवा. तापवल्यावर नळीच्या दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर जोड पुन्हा करावा. तार कनेक्टरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून जाईल, आणि वरून घातलेल्या नालीदार पाइपालाही सर्वांत खालच्या जागी एक छेद ठेवावा.

अर्थिंगकडे तर कोणी पाहतच नाही. हॉर्न घोगरा वाजणे आणि दिवा मंद होणे, ही दोन्ही लक्षणे चॅसीला लागलेला अर्थिंगचा बोल्ट गंजल्याचीही असू शकतात. तो खोलून खालचा रंग आणि गंज खरवडून काढा, घट्ट आवळा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा.

जुनी जीप यांचे उत्तर:

तारजोड यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, फक्त त्यांनी पाण्यावर जितका भर दिला तितका चिखलावर दिलेला नाही, असे मला वाटते. माळव्यातील काळी माती पाणी पिऊन फुगते, जिथे बसते तिथे ओल धरून ठेवते आणि सुकली की वाळलेल्या सिमेंटसारखी कडक होते. वाळूचा चिखल पाण्याच्या साध्या धारेने निघतो, हिचा तसा निघत नाही. त्यामुळे गाडी त्याच संध्याकाळी, माती ओली असतानाच धुवावी, आणि तीही बागेच्या साध्या पाइपाने.

प्रेशरच्या फवाऱ्याविषयी आपला अनुभव अपेक्षितच होता. कनेक्टरांसाठी सांगितली जाणारी आयपी ६७ ही पाणीरोधकतेची श्रेणी म्हणजे ती वस्तू १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटे तग धरते. जोराच्या फवाऱ्याची चाचणी त्याहून वेगळी असते आणि ६७ हा आकडा त्याची कोणतीही हमी देत नाही. शिवाय ही हमी नव्या सीलची असते, उन्हाने कडक झालेल्या जुन्या सीलची नव्हे.

आता एबीएसचा दिवा. चाकाजवळच्या सेन्सरच्या परिसरात चुंबक असते आणि आपल्या बेसॉल्टच्या प्रदेशातील ओढ्यांच्या वाळूत लोहाचे काळे कण पुष्कळ असतात. चाक काढून पाहिलेत तर सेन्सरच्या टोकावर या कणांची बारीक दाढी उगवलेली दिसण्याचा संभव आहे. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. सेन्सरची तार आतल्या बाजूने कुठे सोलवटली आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज तयार करणारे यंत्र) खाली बसवलेला असेल, तर त्याच्या जाळीतून गेलेला चिखल आतले कार्बनचे ब्रश आणि ते ज्यांवर घासतात त्या स्लिपरिंग खातो. इंजिन बंद करून, निवल्यावर, कमी धारेच्या स्वच्छ पाण्याने तो धुवावा आणि मग इंजिन चालवून सुकवावा. ओढ्यात शिरताना एसी बंद ठेवावा, म्हणजे रेडिएटरचा विजेवरचा पंखा पाण्यातच सुरू होऊन मोटर किंवा फ्यूज जाण्याचा धोका कमी होतो.

सिमरोलकर:

दोघांचेही आभार. डावा फॉगलॅम्प उघडला. जोड पिळून टेप लावलेलाच होता आणि आतली तार बरीच लांबपर्यंत काळी निघाली. सेन्सरवर काळा चुरा होता, तो काढल्यावर थोडे अंतर चालवताच दिवा विझला. हॉर्नचे अर्थिंग अजून तपासायचे आहे. मात्र स्नॉर्केलचे राहिलेच. आणि ग्रीस लावण्यासाठी सर्वच कनेक्टर उघडावेत का?

तारजोड:

स्नॉर्केलने इंजिनाला हवा उंचावरून मिळते, म्हणजे सिलिंडरांत पाणी जाऊन इंजिन जाम होण्याची भीती कमी होते. विद्युत भागांशी त्याचा संबंध नाही. उलट ते बसवल्यावर माणूस अधिक खोल पाण्यात जातो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक), फ्यूजबॉक्स, अल्टरनेटर पूर्वीच्याच उंचीवर राहतात. कंपनीने दिलेली पाण्याची मर्यादा हीच खरी, उदाहरणार्थ २०२० च्या महिंद्रा थारसाठी ती ६५० मिलिमीटर आहे, आणि तीही सावकाश जाण्यासाठी.

सर्व कनेक्टर उघडू नयेत. पिवळ्या रंगाचे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये. ईसीयूचा कनेक्टर कारण नसताना उघडू नये. बाकीचे, चाकांजवळचे आणि बंपरमागचे, बॅटरीची ऋण तार काढून पावसाळ्यापूर्वी एकदा करावेत.

जुनी जीप:

एक पुरवणी. पाणी किती आहे हे आधी काठीने पाहावे आणि वरच्या बाजूला घाटात पाऊस असेल तर ओढ्यात उतरूच नये. चोरल नदीवरच्या पातालपाणी धबधब्यावर जुलै २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली होती. आणि गाडी मध्येच पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका, बॅटरी सोडवा आणि ओढून बाहेर काढा.