मदत हवी आहे: स्टीमवर माझ्या गेमचं थंबनेल कोणी उघडतच नाहीये

घाटमाथा_गेम्स:
तीन वर्षं नोकरी सांभाळून एकट्याने गेम केलाय, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानासाठी. डेमो तयार आहे, पुढच्या नेक्स्ट फेस्टला (स्टीमचा डेमोंचा महोत्सव) नाव दिलंय. पण पेजवर कोणी फिरकत नाही. थंबनेल बदलायचं हे नक्की. रंग बदलू की फॉन्ट, एवढंच सांगा. नेक्स्ट फेस्टमध्ये एका गेमला एकदाच घेतात, त्यामुळे जरा लवकर. 'मार्केटिंग करा' हे कृपया नको. चित्र खाली.

पिक्सेलपंत:
चित्र दिसत नाहीये, नुसता तुटका चौकोन. ड्राइव्हवर असेल तर परवानगी उघडा. आणि गेम कसला आहे? नाव? पाच ओळी लिहिल्यात, पण त्यात गेमच नाही.

काकूंचाभाचा:
आयकॉन ५१२ बाय ५१२ करा, कोपरे प्ले स्टोअर स्वतः गोल करतं. फीचर ग्राफिक १०२४ बाय ५००. माझं शब्दकोड्याचं अ‍ॅप निळं होतं तेव्हा कोणी विचारत नव्हतं, पिवळं केलं आणि डाउनलोड वाढले. पिवळं करा.

पिक्सेलपंत:
भाचेसाहेब, ते स्टीमबद्दल विचारतायत. शीर्षकातच आहे.

घाटमाथा_गेम्स:
परवानगी उघडली. नाव 'जकात'. आता तरी सांगा, रंग की फॉन्ट?

रंगारी:
दोन्ही नाही. मोठं करून पाहिलं तेव्हा आवडलं, मेहनत दिसते. मग १२० बाय ४५ पिक्सेलला छोटं केलं. छोट्या कॅप्सूलची (स्टीमवर थंबनेलला कॅप्सूल म्हणतात) एवढी बारकी आवृत्ती स्टीम स्वतः करतं आणि याद्यांमध्ये वापरतं. त्यात काय उरलं? भगवा डाग आणि त्यावर तपकिरी ठिपके. चाळीस बैलांचा तांडा घाट चढतोय हे मला माहीत होतं, तरी मुंग्या गुळाच्या ढेपेवर चढल्यासारख्या दिसल्या. माणूस उजव्या कोपऱ्यात आहे तो गायबच. नाव बारीक बोरूने लिहिल्यासारखं, तेही गेलं.
आणि मला अजून कळलेलं नाही की या गेममध्ये करायचं काय. ट्रेकिंग आहे का? शेती?

घाटमाथा_गेम्स:
अहो, जकात नाका! सातवाहनांचा काळ, नाणेघाट. कोकणातल्या बंदरांवरून व्यापारी वर येतात, तुम्ही माल तपासायचा, कोण खोटं बोलतंय ते ओळखायचं, नाणी रांजणात टाकायची. 'पेपर्स, प्लीज' या सीमेवर कागदपत्रं तपासायच्या गेमच्या जातीचा. नावावरूनच कळतं की.

रंगारी:
तुम्हाला-मला कळतं. ब्राझीलमध्ये बसलेल्या माणसाला 'जकात' म्हणजे काय माहीत? त्याला चित्रावरूनच समजायला हवं की इथे कोणाला तरी पकडायचंय. डोंगर काढा. रांजणाचं तोंड, त्यावर नाणं धरलेला हात आणि मागे घाम फुटलेला व्यापारी. बस.

भटक्या_जुन्नरकर:
अवांतर आहे पण राहवत नाही. पहिल्या बैलाची गोणी एकाच बाजूला लोंबतेय. लादलेल्या बैलाला दोन्ही अंगांना सारखं वजन लागतं, नाहीतर घाटात पहिल्याच वळणावर जनावर कोलमडेल. आणि तो दगडी रांजण जकातीचाच, असं सगळे छातीठोक सांगतात. परंपरेने सांगतात म्हणा, 'हे जकातीचं भांडं' असं त्यावर कोरलेलं नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चुकूनही जाऊ नका, गाडी लावायला जागा नसते.

घाटमाथा_गेम्स:
गोणी दुरुस्त करतो. पण बैल बहुतेक जातातच आहेत.

शाईपेन:
माझा मुद्दा लिपीचा. मराठी माणसाने मराठी विषयावर गेम केला आणि पाटी रोमनमध्ये? देवनागरीच ठेवा. कुतूहलानेच लोक उघडतील.

पिक्सेलपंत:
कुतूहलाने कोणी उघडत नाही, वाचता आलं तर उघडतात. छोट्या कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सगळी जागा भरा, असं स्टीमच्याच मार्गदर्शनात आहे. अख्ख्या जगाला न वाचता येणारं नाव तिथे भरून काय करायचं? कॅप्सूल भाषेनुसार वेगवेगळ्या चढवता येतात, इंग्रजीला रोमन द्या.

शाईपेन:
निदान ती शिरोरेषा ओढलेली रोमन अक्षरं तरी नकोत. परदेशातल्या भारतीय हॉटेलच्या मेनूकार्डावर असतात तसली. त्यापेक्षा सरळ ब्राह्मीत लिहा! नाणेघाटच्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे, त्यात आकडेसुद्धा आहेत.

पिक्सेलपंत:
म्हणजे कोणालाच वाचता येणार नाही. समान न्याय.

डेव्हबाबा:
भांडण थांबलं असेल तर दोन गोष्टी.
एक, डावीकडे वर त्या पानांच्या दोन डहाळ्या आणि मध्ये कॉलेज महोत्सवाचं बक्षीस लिहिलंय, ते आजच काढा. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या मूळ कॅप्सूलवर फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक चालतं. बक्षिसं, परीक्षणातले गुण, सवलतीचा मजकूर, काही नाही. नियम मोडला तर दुकानात दिसणं कमी होऊ शकतं, सेल आणि महोत्सवातून वगळलं जाऊ शकतं.
दोन, दोष थंबनेलचाच आहे हे कशावरून? स्टीमवर्क्सच्या (गेम करणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटच्या) ट्रॅफिक अहवालात किती वेळा दिसलं आणि किती जण पेजवर आले, हे वेगवेगळं असतं. लोक येऊन विशलिस्ट न करता, म्हणजे नंतर घ्यायच्या यादीत न टाकता, परत जात असतील तर दोष ट्रेलर आणि स्क्रीनशॉटमध्ये आहे. आकडे द्या.

घाटमाथा_गेम्स:
बक्षीस काढायचं?! एकच मिळालंय हो.
आकडे: गेल्या महिन्यात ६८ हजार वेळा दिसलं, ७०० जण आले, ९० विशलिस्ट.

डेव्हबाबा:
बक्षीस पेजवरच्या वर्णनात टाका, तिथे चालतं. आकडे पाहता तुमचा संशय बरोबर. आलेल्यांपैकी आठात एक जण विशलिस्ट करतोय, म्हणजे पेज काम करतंय. दिसूनही शंभरातला एकच येतोय, अडलंय तिथे.

पिक्सेलपंत:
शंभरात एक वाईट कशावरून? माझ्या गेमला त्याहून कमी होतं आणि तो बरा खपला. टॅग, म्हणजे गेम कसला ते सांगणारे शब्द, चुकीचे असतील तर शेतीवाल्यांना दाखवला जात असेल, ते कशाला उघडतील?

डेव्हबाबा:
टॅगचा मुद्दा मान्य. दुसऱ्याशी तुलना नकोच, चित्र बदलून स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करा. मात्र त्याच आठवड्यात टॅग बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

अनामिक_पाहुणा:
एआयने दहा मिनिटांत शंभर पर्याय निघतात. कशाला एवढी चर्चा?

रंगारी:
काढा की. जानेवारी २०२४ पासून स्टीमला ते जाहीर करावं लागतं आणि पेजवर दिसतं, ते पाहून पाठ फिरवणारे खेळाडू आहेत. मी पोटासाठी हीच चित्रं काढतो, त्यामुळे माझा स्वार्थ धरूनच वाचा. कोणाकडूनही करून घेतलं तरी आधी नखाएवढी पाच-सहा काळी-पांढरी टिपणं मागा. तिथे नाही कळलं तर रंगाने कळणार नाही. मग 'पेपर्स, प्लीज'च्या जातीच्या वीस गेमांची थंबनेलं एका पानावर चिकटवा, मध्ये तुमचं, आणि फोन हातभर लांब धरून बघा. दुकानाची पार्श्वभूमी गडद निळी असते, काळपट कडा त्यात बुडतात.

पिक्सेलपंत:
आकार २३१ बाय ८७ आणि ४६० बाय २१५ धरा.

डेव्हबाबा:
ते जुने. आता दुप्पट: छोटं ४६२ बाय १७४, हेडर ९२० बाय ४३०, मुख्य १२३२ बाय ७०६, उभं ७४८ बाय ८९६. लायब्ररीचं वेगळं, ६०० बाय ९००. एकच चित्र कापून सगळीकडे चिकटवू नका, उभ्यात तुमचा हात मनगटापासून तुटेल.

स्वप्नील_नगरकर:
गेम करून खरंच पैसे मिळतात का? भाच्याला बारावीनंतर त्यात घालायचं म्हणतोय.

पिक्सेलपंत:
वेगळा धागा काढा.

घाटमाथा_गेम्स:
रात्री बसून केलं. बैल गेले. रांजण, नाणं धरलेला हात, व्यापाऱ्याचे डोळे. छोट्यात फक्त रोमन, ठळक. हेडरमध्ये वर देवनागरी, खाली रोमन, शाईपेन यांच्यासाठी. परवानगी उघडी आहे.

शाईपेन:
आभार! शिरोरेषा मात्र व्यापाऱ्याच्या पागोट्याच्या काठाला मिळालीये, जरा वर घ्या.

रंगारी:
दहापट बरं. हातभर लांब धरल्यावरही 'हा सापडला' असं वाटतं. एकच गोष्ट. नाणं धरलेलं ते बोट 'ज'च्या शेजारी सरळ उभं आहे, रंगही अक्षराचाच. फोनवर काना वाटतो. मी दोनदा 'जाकात' वाचलं.

घाटमाथा_गेम्स:
अरे देवा. आता मलाही तेच दिसतंय. बोट वाकवतो.

काकूंचाभाचा:
नाणं पिवळं केलंत, बरं केलंत.