शास्त्रीय गायन-तबल्यासाठी क्लोज्ड-बॅक हेडफोन: कोणता घ्यावा, कसा बसवावा?

निनाद_ठाणे

ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन, तबला सोलो, अधूनमधून नाट्यसंगीत. घर रस्त्याला लागून आणि ऐकायची वेळ रात्रीची, त्यामुळे ओपन-बॅक (कपाची बाहेरची बाजू उघडी असलेले) बाद, बंद कपाचे क्लोज्ड-बॅकच हवेत. बजेट एक लाखाच्या आसपास. फोकल सेलेस्टी, डेनॉन एएच-डी७२००, डॅन क्लार्क एऑन न्वार आणि बायरडायनॅमिक डीटी १७७० प्रो (२५० ओहमवाला) एवढी नावं उरली आहेत. सध्या लॅपटॉपला साधा यूएसबी-सी डोंगल (हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) आहे.

तानपुऱ्याचा खर्ज भरीव हवा, डग्ग्याची मींड स्वच्छ कळायला हवी आणि गायिकेचा 'स', 'श' कानात टोचता कामा नये. चष्मा कायम असतो. कुठला घ्यावा? चष्म्याने खरंच फरक पडतो का?

मंद्रसप्तक

चष्म्याचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण निवड तिथूनच सुरू करा. क्लोज्ड-बॅकमध्ये ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) आणि कान यांच्यामधली हवा कोंडलेली राहिली तरच खालचे सूर पूर्ण दाबाने पोचतात. पॅडखाली (कानाभोवतीच्या गादीखाली) फट पडली की आधी जातात ते साधारण १०० हर्ट्झच्या खालचे सूर, फट मोठी असेल तर २०० पर्यंतचेसुद्धा. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. डग्ग्याची घुमारीही त्याच पट्ट्यात. म्हणजे तुम्हाला जे हवंय, तेच फटीतून निसटणार.

फट बहुतेक वेळा दोन जागी पडते. एक, चष्म्याची काडी पॅडखालून जाते तिथे. दुसरी कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या सांध्यामागे जो खळगा असतो तिथे. ही दुसरी जागा बिनचष्मेवाल्यांनाही सतावते आणि सहसा कुणी तपासत नाही.

दुकानात डेमो घेताना गाण्याआधी नुसता तानपुरा लावा. फोनवरचं कुठलंही तानपुऱ्याचं अ‍ॅप चालेल. खर्जाची तार वाजत असताना जबडा हलवा, मोठं हसा, मान वळवा. खर्ज पातळ होऊन परत भरत असेल तर पॅड नीट बसलेला नाही. मग पाळीखालच्या भागावर दोन बोटांनी पॅड हलकेच दाबा. खर्ज एकदम भरला तर गळती तिथेच आहे. तेच चष्मा काढून करा आणि प्रत्येक कान वेगळा तपासा, कारण दोन्ही बाजूंचा खळगा सारखा नसतो. एका कानाला गळती असली की खालचा सूर दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो आणि लोक ड्रायव्हरला दोष देतात.

बसवताना आधी कप सगळ्यात खाली ओढून घ्या आणि पॅडची खालची कड जबड्यामागे टेकेपर्यंत एकेक खाच वर चढवा. पट्टा आखूड राहिला की वरची कड दाबते आणि खालची उचलते. एका बाजूची खाच दुसरीपेक्षा एकाने जास्त झाली तरी चालेल, डोकं कुठे सममित असतं?

चष्म्याची काडी पातळ, चपट्या धातूची असेल तर मऊ पॅड तिच्याभोवती बसतो. जाड अ‍ॅसिटेटच्या काडीशी कुठलाच पॅड जमवून घेत नाही. ऐकण्यासाठी पातळ काडीचा दुसरा चष्मा करून घेणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त अपग्रेड आहे.

डेसिबल

वरचं सगळं मान्य. आता तुमच्या यादीबद्दल.

सेलेस्टीचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) ३५ ओहम आणि संवेदनशीलता (एका मिलिवॅटला किती मोठा वाजतो) १०५ डीबी, म्हणजे डोंगलवरही पुरेसा मोठा वाजतो. खालचा भाग ऊबदार आहे, पण वजन ४३० ग्रॅम. दीड तासाच्या मैफिलीला ते मानेला जाणवतं. डी७२०० लाही डोंगल पुरेल. खालचे सूर दमदार आहेत, पण वरच्या पट्टीत चमक आहे, आणि तुम्हाला 'स' खटकत असेल तर ती आधी तुमच्या ओळखीच्या गायिकेवर ऐकून बघा. डीटी १७७० च्या डब्यात वेलूर (मखमली कापड) आणि कृत्रिम चामडं असे दोन्ही पॅड येतात. चामड्याच्या पॅडवर खर्ज भरतो, वेलूरमधून हवा झिरपते म्हणून तो हलका होतो. वरची धार मात्र त्याच्या स्वभावातच आहे.

तुमच्या आवडीला न्वार सगळ्यात जवळचा. आवाज समतोल, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत, शिवाय कान आणि ड्रायव्हरच्या मध्ये ठेवायच्या पातळ चकत्या सोबत येतात. धार जास्त वाटली तर एक घाला, तेवढ्याने 'स' बोथट होतो. पट्ट्यात नायटिनॉल या मिश्रधातूच्या तारा आहेत. वाकवल्या तरी मूळ आकारावर येतात, त्यामुळे पुस्तकांच्या चवडीवर ताणून ठेवून पकड सैल करायचा उद्योग इथे करू नका.

मात्र त्याला डोंगल पुरणार नाही. इम्पिडन्स १३ ओहम. संवेदनशीलता ९२ डीबी धरली आणि तबल्याच्या थापेच्या शिखराला ११० डीबी हवेत असं मानलं, तर सुमारे ६३ मिलिवॅट लागतात. व्होल्टेज जेमतेम ०.९, पण प्रवाह ७० मिलिअँपिअर. बरेच डोंगल व्होल्टेज देतात आणि प्रवाहाला कमी पडतात, मग थाप चिरकते. डीटी १७७० चं उलट आहे. त्याच ११० डीबीला सव्वा व्होल्ट लागतो, प्रवाह ५ मिलिअँपिअर. अ‍ॅम्प (हेडफोनला ताकद पुरवणारं यंत्र) घेताना नुसते वॅट बघू नका. १६ किंवा ३२ ओहमला किती मिलिवॅट देतो ते बघा आणि त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आत ठेवा.

एक डेमो-चाचणी माझ्याकडून. तबला सोलोमधली डग्ग्याची लांब मींड लावा. सूर खालून वर सरकताना आवाज सलग राहिला पाहिजे. मधल्याच एखाद्या सुरावर तो फुगत असेल तर तिथे कपाचा अनुनाद आहे, म्हणजे त्या सुराला कपच घुमतो. असा 'बास' पहिल्या पाच मिनिटांत छान वाटतो आणि नंतर प्रत्येक ठेक्यात तोच फुगवटा ऐकू येत राहतो.

निनाद_ठाणे

दोघांचेही आभार. न्वारकडे कल झाला आहे. दोन शंका. खर्ज कमी वाटला तर ईक्यूने (इक्वलायझरने) वाढवता येईल ना? आणि पंख्याचा आवाज कितपत थांबेल?

मंद्रसप्तक

पंख्याची घरघर फारशी थांबणार नाही. क्लोज्ड-बॅक वरचे आवाज चांगले अडवतात: हॉर्न, भांडी, टीव्हीतलं बोलणं. २०० हर्ट्झच्या खाली अडवण्याची ताकद झपाट्याने घटते. पंखा एक पायरी कमी करा, आवाज वाढवू नका.

ईक्यू जरूर वापरा, पण गळती बुजवल्यानंतर. फट असताना १० डीबी वाढवलं तर ड्रायव्हर जास्त हलतो, खर्ज फारसा येत नाही आणि मान वळली की सगळं पुन्हा बदलतं.

डेसिबल

ईक्यूसाठी विंडोजवर इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम. १०५ हर्ट्झवर लो-शेल्फ (त्याखालचे सगळे सूर वाढवणारा फिल्टर), आधी फक्त ३ डीबी. जेवढं वाढवाल तेवढंच प्रीअ‍ॅम्पमध्ये (एकूण पातळीच्या सेटिंगमध्ये) उणे करा, नाहीतर थापेला क्लिपिंग होईल, म्हणजे आवाज फाटेल.

'स' साठी तयार प्रीसेटवर विसंबू नका. ५ ते १० किलोहर्ट्झमधली शिखरं तुमच्या कानाच्या ठेवणीवरही अवलंबून असतात. हलक्या आवाजात साइन टोन (एकाच सुराचा शुद्ध आवाज) त्या पट्ट्यातून सावकाश फिरवा आणि टोचेल तो आकडा लिहून ठेवा. मग हेडफोन काढून परत घाला, कप अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवून पुन्हा बघा. शिखर जागचं हललं तर तो बसवण्याचा प्रश्न आहे, फिल्टर लावू नका. तिथेच राहिलं तर क्यू (आकडा मोठा तितका फिल्टरचा पट्टा अरुंद) ३ ते ४ ठेवून ३ डीबी कमी करा. त्याहून जास्त कापलंत तर तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी जाते आणि ती गेली की सगळा तानपुरा मेल्यासारखा वाजतो.

कोकणकडा

पॅडबद्दल थोडं. ठाण्याच्या दमट हवेत कृत्रिम चामडं आधी चिकट होतं आणि मग सोलतं. ऐकून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा आणि लगेच डब्यात बंद करू नका. पॅड चपटा झाला की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, गळतीही वाढते, आणि आवाज बदलल्याचं चटकन लक्षात येत नाही.

न्वारचे पॅड चिकटवलेले असतात. बदलताना हेअर ड्रायर कमी आचेवर एखादा मिनिट लांबून फिरवा आणि एका टोकापासून सावकाश सोला. ड्रायव्हरवर जोराची हवा मारू नका. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने काढा, थेंब आत जाऊ देऊ नका. नवा पॅड आधी न चिकटवता ठेवून बघा: त्याचा जाड भाग कानाच्या मागे यायला हवा. चिकटवल्यावर कड सगळीकडून बोटाने दाबत फिरा. गोंदाखाली राहिलेली फटही गळतीच असते, आणि बाहेरून ती दिसत नाही. मग वरची तानपुऱ्याची चाचणी पुन्हा घ्या.