डेको डाइव्हसाठी कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

सहामीटर

दोन महिन्यांनी डेको प्रोसीजर्सचा कोर्स करतोय (डेको म्हणजे स्कूबा डाइव्हनंतर अंगात मुरलेला वायू निघावा म्हणून थांबत थांबत वर येणं). ४५ मीटरपर्यंत, पाठीवर जोड सिलिंडर, डेकोसाठी ५० टक्के नायट्रॉक्सची, म्हणजे ५० टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेची, एक स्टेज (बगलेला लटकवायचा जादा सिलिंडर). आजवरच्या १४० डाइव्ह एकाच मनगटी कॉम्प्युटरवर केल्या, तक्रार नव्हती. मागच्या खेपेला मात्र त्याने मला दगा दिला, किंवा त्याच्या हिशेबाने मी त्याला. थोडा डेको लागला होता, तीन मीटरवर थांबलो होतो आणि लाट अशी की दोरीसकट वर-खाली होत होतो. सीलिंगच्या, म्हणजे त्या क्षणी जिच्या वर जायचं नाही त्या खोलीच्या, वर काही मिनिटं गेली असतील. पठ्ठ्याने सरळ कुलूप लावलं! पुढचे ४८ तास फक्त खोली आणि वेळ. मी ठणठणीत, पण उरलेल्या डाइव्ह दुसऱ्यांचे फोटो बघण्यात गेल्या.

तर आता नवा घ्यायचाय. डोक्यात तीन आहेत: शिअरवॉटरचा पेरेग्रीन, पेर्डिक्स आणि टेरिक. टेरिक घड्याळासारखा दिसतो म्हणून मोह होतोय, हे आधीच कबूल करतो. हेलियमकडे, म्हणजे खोल डाइव्हसाठी हेलियम मिसळलेल्या गॅसकडे, कधी वळेन की नाही, माहीत नाही. सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणारा वायरलेस ट्रान्समीटर घ्यावा का? आणि ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे डेको किती सावधपणे मोजायचा ते ठरवणारे दोन आकडे, ३०/७० ठेवायचे की बदलायचे, यावर तीन जणांनी तीन उत्तरं दिली. जाणकारांनी सांगावं.

मंदचढण

आधी त्या कुलपाबद्दल. तुमचा जुना कॉम्प्युटर डेकोला अपघात समजतो. तो बनवलाच आहे डेको टाळणाऱ्यांसाठी, म्हणून थांबा चुकला की तो हात झटकतो. तुम्हाला नेमका तेव्हाच तो हवा असतो. विकत घेण्याआधी मॅन्युअलमधलं एकच पान वाचायचं असेल तर थांबा चुकल्यावर काय होतं, ते वाचा. जो म्हणेल ‘सीलिंग ओलांडलीस, हा घे नवा हिशेब’, तो तुमचा.

पेरेग्रीनमध्ये तीन नायट्रॉक्स गॅसचा मोड आहे, डेकोसकट. हवा, ५० टक्के आणि पुढे हवा तर शुद्ध ऑक्सिजन, एवढं त्यात बसतं. जुन्या साध्या पेरेग्रीनमध्ये ट्रायमिक्स, म्हणजे हेलियमचं मिश्रण, मात्र नाही. ‘हेलियमकडे वळेन की नाही माहीत नाही’ असं मीही म्हणाले होते. ४५ मीटरवर हवा श्वासात किती जड लागते आणि डोकं किती मंद चालतं हे दोनदा अनुभवलं, मग वळले. पेर्डिक्सला ट्रायमिक्सही चालतं, म्हणून त्यावर कायमचं थांबता येईल. त्याला बटणं दोनच, टेरिकला चार. जाड हातमोज्यांत, थंडीने बोटं आखडलेली असताना चार म्हणजे दोन जास्तच. पेर्डिक्समध्ये साधा एए सेल चालतो, जो बोटीवर कुणाच्या तरी टॉर्चमध्ये सापडतोच. टेरिक चार्जिंगवर ठेवायला विसरलात तर सकाळी तुम्ही काठावर.

आता खरी गोष्ट. कॉम्प्युटरला तुमच्या खांद्याखाली काय लटकतंय हे दिसत नाही. त्याच्या यादीत जो गॅस चालू आहे, तो तुमच्याकडे आहेच असं धरून तो वर येण्याचा एकूण वेळ, म्हणजे टीटीएस सांगतो. एकदा माझ्या यादीत आधीच्या आठवड्याचा ऑक्सिजन चालू राहिला होता. सोबत होतं फक्त ५० टक्के. तळाशी टीटीएस बघून खूश, वाटलं अजून पाच मिनिटं थांबू. बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, आकडा माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्यालाच ‘तुझं काहीतरी चुकलंय’ अशी खूण केली. त्याने शांतपणे माझा हात धरून गॅसची यादी उघडली आणि ऑक्सिजनवर बोट ठेवलं. बंद केला तर टीटीएस एका झटक्यात वाढला. गॅस पुरेसा होता म्हणून गोष्ट हसण्यावारी गेली. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी आम्ही एकमेकांची यादी मोठ्याने वाचतो, किराण्याच्या यादीसारखी.

गॅस बदलतानाही क्रम पाळा: आधी तोंडात, मग मनगटावर. स्टेजवर लिहिलेली खोली वाचा, सिलिंडरपासून तोंडापर्यंत नळी हाताने चाचपा, बडीला दाखवा, दोन-चार श्वास घ्या आणि मगच बटण दाबा. ५० टक्के २१ मीटरवर म्हणजे ऑक्सिजनचा दाब १.५५ बार, वरची मर्यादा १.६. बटण दाबायला विसरलात तर कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही अजून हवेवरच आहात, आणि तो तुम्हाला जास्त वेळ लटकवतो. कंटाळा येईल, बाकी काही नाही. उलटं झालं, आधी बटण दाबलं आणि रेग्युलेटरच चालेना, तर तो न घेतलेल्या श्वासाचं श्रेय तुमच्या खात्यात जमा करतो.

खारटपाणी

वरच्या प्रतिसादाला +१. ग्रेडियंट फॅक्टरचं राहिलं, ते मी लिहितो.

आत बसलेलं गणित म्हणजे स्विस डॉक्टर बुल्मान यांचं झेडएचएल-१६सी. शरीराचे १६ काल्पनिक कप्पे, काही मिनिटांत भरणारे ते कित्येक तास घेणारे. प्रत्येक कप्प्यात दर खोलीवर जास्तीत जास्त किती दाबाचा वायू सोसेल, त्याची एक रेघ असते, तिला एम-व्हॅल्यू म्हणतात. बाहेरचा दाब आणि ही रेघ यांच्यातलं अंतर १०० धरा. ३०/७० म्हणजे पहिला थांबा ३० टक्क्यांना, आणि पाण्याबाहेर डोकं काढताना जास्तीत जास्त ७० टक्के. पहिला आकडा लहान केला की पहिला थांबा खोल जातो.

खोल थांबे म्हणजे सुरक्षित, असं आम्हाला शिकवलं होतं. मग अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये निकाल छापले: १७० फूट, तळाशी ३० मिनिटं, हवा, थंड पाणी, डेकोचा एकूण वेळ दोन्ही गटांना सारखाच. फक्त थांब्यांची वाटणी वेगळी. उथळ थांब्यांच्या १९२ डाइव्हमध्ये ३ जणांना डेकोचा आजार (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा), खोल थांब्यांच्या १९८ मध्ये ११. खोल थांबलेल्या वेळात जलद कप्पे रिकामे होत होते आणि मंद कप्पे गुपचूप भरत होते. त्यानंतर बऱ्याच जणांनी पहिला आकडा वाढवला. मी ५०/८० वर आहे. ही माझी निवड, सल्ला नव्हे; तुमचा आकडा प्रशिक्षकाबरोबर बसून ठरवा.

कॉम्प्युटर असा घ्या ज्याचं गणित उघडं आहे. ‘आमचं खास सूत्र’ म्हणणाऱ्यांचा डेको घरी बसून पडताळता येत नाही. बुल्मान असेल तर सबसरफेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच डाइव्ह आखून बघता येते. फुकट आहे, आणि सुरू केलं लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्सने. स्वतः डायव्हर आहे तो.

ट्रान्समीटर घ्या, पण काट्याचं प्रेशर गेज काढू नका.

सहामीटर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सबसरफेसवर ४५ मीटर, २५ मिनिटं टाकून ३०/७० आणि ५०/८० करून पाहिलं. पहिला थांबा वर सरकला, आणि एकूण वेळही कमी झाला. मग खोडसाळपणे ५० टक्के काढून टाकलं, म्हणजे स्टेज हरवली असं समजून. आकडा बघून झोप उडाली. पाठीवरच्या गॅसमध्ये एकट्याचं भागतं, बडीला द्यावा लागला तर नाही.

पेर्डिक्स घेतोय. घड्याळाचा मोह सोडला (जवळपास). आता बॅकअपचं काय? बडी म्हणतो त्याचा जुना कॉम्प्युटर देतो, पण त्याचं गणित वेगळं आहे.

मंदचढण

स्टेज हरवल्याचा हिशेब तुम्ही न सांगता केलात, बरं वाटलं. कोर्सला जाल तेव्हा तो कागद सोबत न्या.

बॅकअपला वेगळं गणित नको. सहा मीटरवर लटकलेले असताना एक म्हणतो ४ मिनिटं, दुसरा म्हणतो ११. ऐकायचं कुणाचं? जास्तवाल्याचं, हे उत्तर सोपं आहे. पण मग रोज त्याचंच ऐकावं लागतं, आणि पेर्डिक्स शोभेला उरतो. एक तर तसाच दुसरा घ्या आणि तेच आकडे लावा, नाहीतर खोली आणि वेळ दाखवणारं साधं यंत्र आणि खिशात वेटनोट्स, म्हणजे पाण्यात लिहायची वही. त्यात तीन वेळापत्रकं लिहा: ठरलेली डाइव्ह, ठरल्यापेक्षा तीन मीटर खोल आणि पाच मिनिटं जास्त झालेली, आणि स्टेज हरवलेली. पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पाण्यात पसरते.

आणखी एक बारीकसं. दोन्ही यंत्रांवर पाणी गोडं की खारं ते सारखं ठेवा. नाहीतर एक ६.० दाखवेल, दुसरं ६.२, आणि तुम्ही उगाच त्याच्यात गुंतून पडाल.

सहामीटर

खोली आणि वेळ दाखवणारं साधं यंत्र म्हणजे नवीनच घ्यायचं का? जुना पडूनच आहे.

मंदचढण

जुन्याला गेज मोड असेल बघा. तो लावा आणि दुसऱ्या मनगटावर बांधा. कुलूप लावून खोली-वेळ दाखवायची त्याला सवय आहेच.