विषय: जुलैअखेर पुण्याहून श्रीलंका, आई-बाबांसह

मंडळींनो, नमस्कार.

मुलांच्या शाळा सुटल्या की आम्ही जुलैच्या शेवटी पुण्याला येतोय. दरवर्षी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खिडकीतून पाऊस बघत महिना जातो, म्हणून यंदा आई-बाबांना घेऊन आठ दिवस श्रीलंकेला जायचं मनात आहे. मुलांना समुद्र हवाय, आईला थंड हवा. तिचे गुडघे दुखतात, बाबा चौऱ्याहत्तरचे. बाबांचं म्हणणं, "इथल्या पावसातून उठून तिथल्या पावसात कशाला जायचं?" कुणी जाऊन आलंय का?

– सजावट समितीतली, मँचेस्टर

*

अगं, नक्की जा! आम्ही डिसेंबरात गेलो होतो. बेंटोटा, गॉल, मिरिसा, याला अभयारण्य, एला, नुवारा एलिया, कँडी, सिगिरिया, कोलंबो, आठ दिवसांत सगळं झालं. मिरिसाला देवमासे दिसले. एक्सेल शीट जोडलीये, तशीच वापर.

– लीड्सहून ताई

*

ताई, शीट झकास आहे, पण ती डिसेंबरची. जुलैत वापरली तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल.

(आम्ही पुण्यात परतलो तरी मंडळींच्या या ईमेल-यादीवरून नाव काढलेलं नाही. पुण्यात सल्ला विचारायला कुणी येत नाही.)

बाबांना एवढंच सांगा: मुळशी आणि बारामती. जुलैत ताम्हिणीत धो धो कोसळत असतं आणि त्याच दिवशी बारामतीकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, कारण सह्याद्री ढग अडवतो. श्रीलंकेच्या मधोमध असाच डोंगर आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस येतो तो बेंटोटा, गॉल, मिरिसा या बाजूला. तिथे समुद्र खवळलेला असतो, पोरांना पाण्यात सोडायची सोय नाही. डोंगरापलीकडचं त्रिंकोमाली तेव्हा कोरडं असतं आणि समुद्र शांत. त्याचा पावसाळा साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, म्हणून ताईंच्या यादीत ते नाही. एका बेटाला दोन पावसाळे आहेत, महिना बघून किनारा निवडायचा.

तेव्हा समुद्रासाठी त्रिंकोमालीजवळचं निलावेली किंवा उप्पुवेली. तीन रात्री तरी राहा. समोरच्या पिजन आयलंडला बोटीने जाऊन प्रवाळ बघता येतात. आईंसाठी कड्यावरचं कोनेश्वर मंदिर आहे, खाली थेट समुद्र.

मग कँडीत एक रात्र आणि नुवारा एलियाला दोन. नुवारा एलिया १८६८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) डोक्यावरून वर वसलेलं गाव! जुलैत भुरभुर असते, पण महाबळेश्वरसारखी धुवाधार नाही. स्वेटर मात्र घ्या, आमच्या हिने "विषुववृत्ताजवळ कसला स्वेटर" म्हणून घेतला नाही आणि दोन दिवस माझा घातला. कँडीहून वर जाताना आगगाडीच घ्या, चहाच्या मळ्यांतून चढते. उतरायचं नानू ओयाला, नुवारा एलियाला स्टेशन नाही. राखीव जागा हातोहात संपतात, आणि पावसात दरडी पडून घाटातला मार्ग बंद होतो, म्हणून आधी चौकशी करा.

सिगिरियाचा खडक वाटेजवळ आहे, पण जवळजवळ १२०० पायऱ्या. आईंना खाली सावलीत बसवा, तुम्ही पहाटे चढून या. नकाशावरच्या अंतरांवर जाऊ नका, रस्ते छान पण अरुंद आहेत. विमानतळ कोलंबोत नाही, नेगोम्बोजवळ आहे, तेव्हा पहिली आणि शेवटची रात्र तिथेच काढा. पुण्याहून थेट विमान नाही, मुंबईहून मिळतं.

ऑगस्टच्या पौर्णिमेच्या सुमारास कँडीत पेराहेराची मिरवणूक संपते, सजवलेले हत्ती असतात. गर्दी आणि हॉटेलचे दर बघून ठरवा.

मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश असतील तर ओसीआय कार्डाचा (परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) श्रीलंकेत उपयोग नाही, पण परत मुंबईत उतरताना लागेल. घरी विसरू नका. ईटीएचे (श्रीलंकेच्या ऑनलाइन प्रवेश-परवान्याचे) नियम आणि शुल्क सारखे बदलतात, अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा.

आणि हो, श्रावण लागला असेल तर: नारळाचा 'पोल सांबोल' दिसतो आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखा, पण त्यात बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो. विचारूनच वाढून घ्या. म्हशीचं दही आणि कितुल माडाची काकवी मात्र पोटभर खा.

– कर्वेनगरातले काका

*

काका, फोनवर सगळं वाचून दाखवलं. मुळशी-बारामती ऐकल्यावर बाबा गप्प झाले, मग म्हणाले, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" आई शेंगदाण्याची चटणी घेऊन येतेय. ताई, तुमची शीट डिसेंबरसाठी ठेवते. बाबांचा आता एकच प्रश्न आहे: सकाळी सहाला चहा मिळेल ना?

*

मिळेल. चहाच्याच देशात चाललेत. फक्त दुधाऐवजी बहुतेक ठिकाणी दुधाची पावडर घालतात. हे त्यांना आत्ता सांगू नका, तिकिटं निघू द्या.

– काका