नेटवर्कवरील प्रिंटर आणि डिजिटल पडदा : तांत्रिक शब्द समजून घ्यायचे आहेत

अभिलेखकक्ष

नमस्कार. माझे मूळ काम आवक-जावक नोंदी आणि नस्त्या सांभाळण्याचे आहे. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र प्रिंट, स्कॅन आणि छायाप्रत अशी तिन्ही कामे करणारे कार्यालयातील सामाईक यंत्र, तसेच प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवरचा सूचनांचा डिजिटल पडदा, या दोन्हींची देखरेख माझ्याकडे आली आहे. काही अडले की मी तंत्रज्ञांना फोन करते. पण ते जे विचारतात तेच मला कळत नाही.

मागच्या सोमवारी कोणाच्याच संगणकावरून प्रिंट निघेना. तंत्रज्ञांनी यंत्रातून कॉन्फिगरेशनचे पान काढायला सांगितले. त्यावरचा आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ अशा आकड्यांनी सुरू होतो, एवढे ऐकताच त्यांनी "यंत्राचा दोष नाही, तार तपासा" असे सांगितले. केवळ आकड्यांवरून त्यांना हे कसे समजले? दुसरी अडचण अशी की लेखा शाखेत नवा संगणक आल्यापासून स्कॅन केलेले कागद त्याच्या फोल्डरमध्ये पोहोचत नाहीत. बाकीच्या संगणकांवर व्यवस्थित पोहोचतात. आणि पडद्यावर सूचनेची सर्वांत खालची ओळ, जिच्यात नेमकी तारीख असते, अर्धी कापली जाते.

मी शब्दकोश पाहिला. त्यात पोर्ट म्हणजे बंदर आणि प्रोटोकॉल म्हणजे राजशिष्टाचार असे अर्थ मिळाले, त्यांचा येथे उपयोग झाला नाही. हे शब्द लक्षात ठेवण्याची काही रीत असेल तर कृपया सांगावी.

तारजोडणी

आपण विचारलेल्या प्रत्येक शब्दामागे दोन यंत्रांमधला संवाद आहे. त्यामुळे कोणताही शब्द पुढे आला की तो कोण कोणाला सांगत आहे, हे आधी पाहावे. शब्दाचा प्रतिशब्द शोधण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

आपल्या सोमवारच्या प्रसंगापासून सुरुवात करू. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, तो आयपी अ‍ॅड्रेस. बहुतेक कार्यालयांत हे पत्ते राउटर किंवा सर्व्हर वाटतो आणि या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. यंत्र सुरू झाले की ते "मला पत्ता हवा आहे" अशी विचारणा करते, आणि वाटप करणारा ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देतो. विचारणेला कोणीच उत्तर दिले नाही, तर अनेक यंत्रे स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण करतात आणि असे पत्ते नेहमी १६९.२५४ या आकड्यांनीच सुरू होतात. म्हणजे यंत्र चालू होते, बोलतही होते. फक्त त्याचे बोलणे राउटरपर्यंत जात नव्हते. तंत्रज्ञांनी तार तपासायला सांगितली ती यामुळेच.

स्टॅटिक आयपी म्हणजे हाताने नेमून दिलेला, न बदलणारा पत्ता. प्रिंटरच्या बाबतीत त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण संगणक प्रिंटरला बहुधा त्या पत्त्यावरूनच शोधतात. सलग सुट्ट्यांमध्ये यंत्र बंद राहिले, पत्त्याची मुदत संपली आणि तो दुसऱ्या उपकरणाला मिळाला, तर सगळे संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतात. मॅक अ‍ॅड्रेस ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तो कारखान्यातच यंत्राला मिळालेला क्रमांक असतो. त्यात शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांतली बारा चिन्हे असतात. यंत्राची जागा किंवा नेटवर्क बदलले तरी तो तोच राहतो.

पोर्टचा अर्थ समजायला इमारतीचे उदाहरण पुरेसे आहे. आयपी अ‍ॅड्रेस हा इमारतीचा पत्ता मानला, तर पोर्ट म्हणजे आतल्या खिडकीचा क्रमांक. प्रिंटरवर ९१०० या क्रमांकावर मजकूर थेट छपाईसाठी स्वीकारला जातो, तर ६३१ हा आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलचा क्रमांक आहे. प्रोटोकॉल म्हणजे त्या खिडकीवर बोलण्याची ठरलेली रीत, त्यामुळे राजशिष्टाचार हा अर्थ अगदीच दूरचा नाही.

लेखा शाखेच्या अडचणीचे मूळ बहुधा याच रीतीत असावे. स्कॅन केलेली फाइल संगणकाच्या फोल्डरमध्ये ठेवताना यंत्र सहसा एसएमबी हा प्रोटोकॉल वापरते. त्याची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरल्यामुळे विंडोजमध्ये २०१७ पासून ती नव्याने मांडणी करताना सहसा घातलीच जात नाही. आपले यंत्र जुने असून त्याला तेवढी एकच आवृत्ती येत असेल, तर नवा संगणक त्याला दाद देणार नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती सुरू करता येते का, हे तंत्रज्ञांना विचारावे. संगणकावर पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये असे मी आग्रहाने सांगेन. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतल्या त्रुटीवरून जगभर पसरला होता.

पडदाप्रकाश

तारजोडणी यांची रीत पडद्यालाही लागू पडते. आपल्या पडद्यामागे प्लेअर नावाची छोटी पेटी असेल. सूचना प्लेअर पाठवतो, पडदा केवळ दाखवतो. दोघांमध्ये एचडीएमआयची तार असते आणि तिच्यातून चित्राआधी पडद्याची ओळख जाते. मी किती पिक्सेलचा आहे, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, हे पडदा प्लेअरला कळवतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. प्लेअर आधी सुरू झाला आणि पडदा मागाहून, तर काही प्लेअरना ही ओळख मिळतच नाही आणि ते अंदाजाने कमी प्रतीचे चित्र पाठवतात. अक्षरे एखाद्या दिवशी अचानक फुगीर दिसू लागली, तर आधी पडदा आणि मग प्लेअर या क्रमाने सुरू करून पाहावे.

तारखेची ओळ कापली जाण्याचे कारण बहुधा ओव्हरस्कॅन हे आहे. जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचांत चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून चित्र किंचित मोठे करून कडा चौकटीआड ढकलत. ती सवय आजच्या अनेक पडद्यांत शिल्लक आहे. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट अशा नावाचा पर्याय असतो. तो निवडला की पूर्ण चित्र दिसते.

पडद्याच्या तेजाचे एकक निट आहे. एक निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला. आत सावलीत ३५० ते ५०० निट सहसा पुरतात, परंतु थेट उन्हाकडे तोंड केलेल्या पडद्याला अडीच हजारांच्या आसपास लागतात. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल आणि फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट.

कागदमोजणी

एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. यंत्रात जाऊन हाताने स्टॅटिक आयपी टाकण्यापेक्षा राउटरवर आरक्षण करणे मला अधिक बरे वाटते. या मॅक अ‍ॅड्रेसच्या यंत्राला नेहमी हाच पत्ता द्यावा, अशी नोंद राउटरमध्ये करता येते. सर्व पत्त्यांचा हिशेब एकाच ठिकाणी राहतो आणि एकच पत्ता दोघांना जाण्याचा धोका टळतो.

शिवाय नवे यंत्र घेण्याची वेळ आल्यास ड्यूटी सायकल या शब्दाने फसू नये. तो महिन्याला सोसवेल असा कमाल आकडा असतो; रोजच्या वापरासाठी शिफारस केलेली पानांची संख्या त्याहून बरीच कमी असते आणि ती वेगळी छापलेली असते.

अभिलेखकक्ष

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज सकाळी पडद्याच्या सेटिंगमध्ये स्क्रीन फिट हा पर्याय सापडला आणि तारखेची ओळ पूर्ण दिसू लागली. प्रिंटरची तार काढून पाहिली, तेव्हा तिच्या टोकाची प्लास्टिकची खुटी तुटलेली होती. यंत्र भिंतीपासून जरा सरकवले की ती तार सैल होत असे. नवी तार लावून पुन्हा कॉन्फिगरेशनचे पान काढले, तर पत्ता आता १९२.१६८ ने सुरू होतो. मॅक अ‍ॅड्रेस त्याच पानावर मिळाला. तो आणि एसएमबीच्या आवृत्तीचा प्रश्न असे दोन्ही मी तंत्रज्ञांना लेखी कळवले आहे.

तारजोडणी

ते पान यंत्राच्या नस्तीत तारीख घालून ठेवावे. पुढच्या वेळी अडचण आली की नवे पान काढून दोन्ही शेजारी ठेवा, काय बदलले ते तेथेच दिसेल.