रात्रीच्या डिलिव्हरीची वार (प्लासेंटा) आरएनएसाठी कशी घ्यावी? मदत हवी आहे

मंडळी, परळला पीएचडी चालूय, प्री-एक्लॅम्प्सियातल्या (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) वारेतून आरएनए काढून एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ (या आजारात पातळी बदलणारी वारेतली दोन प्रथिनं) बघायचेत. दिवसाच्या सिझेरियनचं टेन्शन नाही, वार लगेच हातात येते, आईकडची डेसिड्युआ (गर्भाशयाच्या अस्तराचा थर) काढून चार-पाच ठिकाणचे तुकडे घेते, गार पीबीएसमध्ये (मिठाचं बफर द्रावण) रक्त जाईपर्यंत धुते आणि आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवणारं द्रावण) टाकते, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे त्याचा १ ते १० मधला आकडा) ७ च्या वर येतो. घोळ रात्रीचा आहे. वॉर्डातल्या मावशी वार आठवणीने फ्रीजमध्ये ठेवतात (नाहीतर जायची पिवळ्या पिशवीत), पण सकाळची पहिली लोकल पकडून मी पोचेपर्यंत आरआयएन ४-५ वर आलेला असतो, शिवाय ऑक्सिजन तुटला की एसएफएलटी-१ वाढतं, म्हणजे आकडा आजाराचा की फ्रीजचा कळणार कसं!

अख्खी वार आरएनए-लेटरमध्ये बुडवून उपयोग नाही, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड तुकड्यात ते नीट मुरत नाही. वॉर्डात लिक्विड नायट्रोजन ठेवू देत नाहीत, रात्री आमचं कोणी नसतं. एथिक्स, संमतीपत्र सगळं झालंय, फॉर्मॅलिनचे तुकडे वेगळे आहेतच.

सिस्टर एक बारीक तुकडा कापून ट्यूबमध्ये टाकायला तयार आहेत, पण तो न धुतलेला, डेसिड्युआसकट असणार. असे नमुने कोणी वापरलेत का? आयजीएफबीपी-१ आणि प्रोलॅक्टिन (डेसिड्युआची ओळख पटवणारे मार्कर) तपासून डेसिड्युआ जास्त असलेले बाजूला काढले तर चालेल, की रात्रीच्या केसेस सरळ सोडूनच द्यायच्या?