दोन हिरे गुरुत्वाकर्षणाने एन्टँगल होतात का? फेज ०.७९ बरोबर आहे का?

राजारामपुरी_गल्ली
शिवाजी विद्यापीठात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बोस आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा प्रस्ताव घेतलाय: दोन कण फक्त गुरुत्वानं एन्टँगल झाले तर गुरुत्वही क्वांटम आहे, असा. दोन हिऱ्यांचे कण, प्रत्येकी १०^-१४ किलो. प्रत्येक कण २५० मायक्रोमीटर रुंद सुपरपोझिशनमध्ये (एकाच वेळी दोन जागी असल्याची क्वांटम अवस्था), मध्यबिंदूंमधलं अंतर ४५०, वेळ २.५ सेकंद. कॅल्क्युलेटरवर फेज (तरंगाची कला) ०.७९ रेडियन येतोय. एन्टँगलमेंट (दोन कणांच्या अवस्था सुट्या सांगताच येत नाहीत असं क्वांटम नातं) यावरूनच काढायचं ना? दुसरं, जॅक्समध्ये (पायथनची गणिताची लायब्ररी) कॅसिमिर ऊर्जा (कणांमधल्या विद्युतचुंबकीय ओढीची) कुठल्याही अंतराला शून्यच येते. सूत्र चार वेळा तपासलं. आणि १९७५ च्या न्यूट्रॉन प्रयोगात गुरुत्वाचा फेज मोजला होताच, मग यात नवीन काय?

रंकाळा_चौपाटी
०.७९ हा फक्त जवळच्या दोन शाखांचा (शाखा म्हणजे कणाच्या दोन जागांपैकी एक) फेज झाला, म्हणजे अंतर २०० मायक्रोमीटर असतानाचा. शाखांच्या जोड्या चार आहेत: एक २०० वर, एक ७०० वर आणि दोन ४५० वर. ४५० ला ०.३५ येतो, ७०० ला ०.२३. चारही जोड्यांचा फेज सारखाच असता तर तो बाहेर काढता आला असता आणि एन्टँगलमेंट शून्य. म्हणून कामाचा आकडा म्हणजे जवळचा अधिक लांबचा, वजा मधल्याची दुप्पट: ०.७९ + ०.२३ - ०.७० = ०.३१. कॉन्करन्स (एन्टँगलमेंटचं ० ते १ मधलं माप) याच्या निम्म्याचा साइन, म्हणजे साधारण ०.१६. कमाल १ पाहिजे असेल तर हा फरक π (३.१४) रेडियन व्हायला हवा, म्हणजे वेळ दहापट. २.५ सेकंदांच्या मुक्त पतनालाच साडेतीस मीटरचा उभा बोगदा लागतो, दहा मजली इमारतीएवढा. दहापट वेळेला खोली शंभरपट. ते सोडूनच द्या.

पंचगंगा_घाट
भावा, तुझं सूत्र बरोबर आहे, गोची आकड्यांच्या प्रकारात आहे. जॅक्स मुळातच फ्लोट-३२ (३२ बिटांचे आकडे) वापरतं आणि त्यात साधारण १.२×१०^-३८ च्या खालचा आकडा धड टिकत नाही. हिऱ्याची घनता घेतलीस तर त्रिज्या ०.८८ मायक्रोमीटर येते. तिचा सहावा घात एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले २π) आणि प्रकाशवेगानं गुणलास की १०^-६२ च्या घरात गेलास. सरळ शून्य. एक्स-६४ (६४ बिटांच्या आकड्यांची सेटिंग) चालू कर, नाहीतर सगळी लांबी मायक्रोमीटरमध्ये घेऊन घात वेगळे ठेव. गुरुत्वालाही हेच होणार बरं का: जी (गुरुत्व स्थिरांक) आणि वस्तुमानाचा वर्ग आधी गुणलेस तर ६.७×१०^-३९, तेही मर्यादेखाली. कॅल्क्युलेटरवर काढलास म्हणून वाचलास.

बरोबर चालवलंस की २०० मायक्रोमीटरला कॅसिमिर ऊर्जा ७.८×१०^-३७ जूल यायला पाहिजे, गुरुत्वाची ३.३×१०^-३५. म्हणजे गुरुत्व त्रेचाळीस पट. पण १०० वर आणलंस की कॅसिमिर दीडपट वरचढ, कारण अंतर घटलं की कॅसिमिर त्याच्या सातव्या घातानं वाढतं आणि गुरुत्व पहिल्या. मध्ये वाहक पातळ पत्रा ठेवला तर विद्युतचुंबकीय बल अडतं, गुरुत्व आरपार जातं. पत्रा मात्र स्वतःच कणांना ओढतो आणि थरथरतो. एक काढावं तर दुसरं पुढ्यात.

रंकाळा_चौपाटी
त्यात हवेचाही हिशेब धरा, प्रोजेक्टमध्ये हा भाग सगळ्यात जास्त काम देईल. वायूचा रेणू कणावर आपटला की कण कुठल्या शाखेत होता ही माहिती बाहेर पडते आणि सुपरपोझिशन संपते. कणांची अवस्था सांगणाऱ्या घनता-मॅट्रिक्सच्या कर्णाबाहेरच्या घटकांना (सुपरपोझिशन त्यांच्यातच असते) प्रत्येक कणामागे घटीचा गुणक लावा. ०.३१ च्या फेजला हा गुणक ०.८६ च्या खाली गेला की निगेटिव्हिटी (एन्टँगलमेंटचं दुसरं माप) शून्य होते. म्हणजे आपटण्याचा दर सेकंदाला ०.०६ पेक्षा कमी हवा. ०.१५ केल्विनचा हेलियम, दाब १०^-१५ पास्कल: दर ०.०३, जेमतेम पास. दाब दहापट केला की दर ०.३, खेळ खलास. आपल्याकडच्या चांगल्या अतिनिर्वात चेंबरला १०^-९ पास्कल मिळाला तरी लोक खूश असतात.

पंचगंगा_घाट
१९७५ बद्दल: कोलेला, ओव्हरहाऊसर, वर्नर यांच्या प्रयोगात पृथ्वीचं गुरुत्व हे साधं, अभिजात (क्वांटम नसलेलं) क्षेत्र होतं. न्यूट्रॉन क्वांटम होता, क्षेत्र क्वांटम आहे का हे त्यातून कळत नाही. इथं युक्तिवाद वेगळा आहे: दोन कणांमधला मध्यस्थ जर निव्वळ अभिजात असेल, तर तो त्यांना एन्टँगल करू शकत नाही. मार्लेटो आणि व्हेड्रल यांनीही २०१७ मध्येच हे मांडलं. एन्टँगलमेंट दिसलं तर क्वांटम गुरुत्वाच्या सिद्धांतांपैकी लूप खरं की स्ट्रिंग खरं, हे मात्र यातून सांगता येणार नाही. न्यूटनच्या विभवावरून 'मध्यस्थ' सिद्ध होतो का, यावरही वाद चालू आहे. प्रोजेक्टच्या शेवटच्या भागात तो प्रामाणिकपणे लिही.

आणि किती लांबचा पल्ला आहे हेही लिही: २०१९ साली व्हिएन्नात पंचवीस हजार डाल्टनच्या (अणू-रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) रेणूंचं व्यतिकरण दाखवलं, म्हणजे ४×१०^-२३ किलो. दुसऱ्या टोकाला २०२१ मध्ये तिथंच ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीचं गुरुत्व मोजलं. तुझा हिरा दहाच्या घातांच्या हिशेबानं या दोघांच्या साधारण मध्ये बसतो.

राजारामपुरी_गल्ली
एक्स-६४ चालू केलं, ७.८×१०^-३७ आलं. निगेटिव्हिटीही ०.८६ लाच शून्याला टेकतेय. कॅसिमिर गुरुत्वाच्या दशांशापर्यंत चालवून घ्यायचं म्हटलं तर किती जवळ आणता येईल?

पंचगंगा_घाट
१५७ मायक्रोमीटर.